मध्यमरावांचा स्वतःचा सूट

"तीन," मध्यमराव म्हणाले. "तीनाच्या खाली गेलं की माणूस उघडा पडतो, आणि तीनाच्या वर गेलं की कपाट."

होणाऱ्या जावयाने गंभीरपणे मान हलवली. लवकरच तो अशा नोकरीवर रुजू होणार होता, जिथे माणसं सूट घालून टेबलाभोवती बसतात आणि एकमेकांच्या म्हणण्याशी तत्त्वतः सहमत होतात. चहा पिता पिता, काहीतरी बोलायचं म्हणून, त्याने होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं होतं, की सुरुवातीला किती सूट असावेत. सासऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करावी, तसा तो प्रश्न होता. उत्तर यावं अशी त्याची काही सक्ती नव्हती. पण ते आलं, आणि मांडी घालून बसलं.

"पहिला गडद निळा. डोळे मिटून घ्यावा. हा मागायचा सूट. नोकरी मागा, बढती मागा, पोरगी मागा."

"पोरगी मागून झाली, बाबा," मुलगी म्हणाली. "तीही चौकटीच्या शर्टावर."

"म्हणून तर तुझ्या आईने होकाराला इतका वेळ लावला. दुसरा करडा. हा नाही म्हणायचा सूट. करड्या सुटातल्या माणसाने नाही म्हटलं तर कुणाला राग येत नाही. वाटतं, वरूनच तसा हुकूम असेल. आणि तिसरा काळा. निरोप द्यायचा. त्याची घाई करू नये. त्याची वेळ तो स्वतःच ठरवतो."

"हे तुमचं का कारखान्यातल्या मास्तरांचं?" मुलीने विचारलं.

"मास्तरांचं," मध्यमरावांनी कबूल केलं. "पण ते बोलत होते तेव्हा उभा मी होतो."

"आणि तुमच्याकडे किती आहेत हो सूट?" आतून बायकोचा आवाज आला. ज्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला पक्कं ठाऊक आहे, तो प्रश्न विचारताना तिचा आवाज नेहमीच असा साखरेत घोळून येई.

मध्यमराव कपात बघू लागले. उत्तर कपात नव्हतं. कपाटातही नव्हतं.

मध्यमराव हे काही त्यांचं नाव नव्हे. पण खरं नाव पगाराच्या दिवसाखेरीज कुणी घेत नसे. ते तयार सुटांच्या कारखान्यात माल रवाना करणारे कारकून होते. तरुणपणी एकदा एक गठ्ठा घेऊन ते कटिंगच्या खोलीत गेले, तेव्हा तिथल्या मास्तरांनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मास्तर कारखान्याचे मुख्य बेतणारे. त्यांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे त्यांचं बोलणं कोपऱ्यातून येई आणि जरा टोचे.

"गठ्ठा ठेव. हात बाजूला घे. श्वास सोडू नको," ते म्हणाले. मग टेप घेऊन सगळीकडून फिरले आणि टेप गळ्यात टाकून खुर्चीवर बसले. "लेका, तू मीडियम आहेस. म्हणजे मापांच्या पुस्तकात असतो तसा. मला वाटलं होतं असा माणूस नसतोच."

देव एकदा माणसांची सरासरी काढायला बसला असावा आणि काढून झाल्यावर ती कुठे ठेवावी हे न सुचल्यामुळे त्याने ती या कारकुनाच्या अंगावर ठेवून दिली असावी. छाती, कंबर, बाही, पाठ, सगळं मधोमध. त्या दिवसापासून कारखान्याचा कुठलाही नवा सूट बाजारात जाण्याआधी कच्च्या टाक्यांवर मध्यमरावांच्या अंगावर चढू लागला. ते लाकडी चौथऱ्यावर हात अंगापासून जरा दूर धरून, हनुवटी वर करून, श्वास छातीत ठेवून उभे राहात. मास्तर भोवती फिरत, टाचण्या टोचत, खडू ओढत आणि शेवटी म्हणत, "झालं. काढ." मग मध्यमराव जपून सूट उतरवत आणि पुन्हा गठ्ठे बांधायला जात. त्यांच्या अंगावर बसलेला तो एक सूट मग शेकड्यांनी कापला जाई आणि गावभर पसरे.

एकच खोट होती. गठ्ठे वाहून वाहून त्यांचा डावा खांदा किंचित उतरला होता. मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हा कुठे सांडून आलास?" पण दुरुस्त मात्र केला नाही. "कापडाने माणसाचं ऐकायचं असतं," ते म्हणाले आणि कागदी नमुन्यातच डावा खांदा उतरवून ठेवला. परिणामी, गावातले सगळे मीडियम सभ्य गृहस्थ थोडे डावीकडे कलून हिंडत आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. मध्यमरावांना रस्त्यात आपला खांदा दिसे. वकिलाच्या अंगावर दिसे, नवरदेवाच्या अंगावर दिसे. एकदा बँकेतला साहेब त्यांच्यावर उगाच खेकसला, तर त्यांना राग धरता आला नाही. स्वतःच्याच खांद्यावर माणूस रागावणार किती?

घरी मात्र त्यांच्या नशिबी कोपरावर ठिगळ असलेला तपकिरी कोट होता. सूट घालायची हौस कधी पुरी झाली नाही, पण सूट काढायची सवय झाली होती. कुणी विचारलं तर म्हणत, "मिठाईवाला घरी मिठाई नेतो का?" मिठाईवाले नेतात, हे त्यांना ठाऊक होतं.

तर त्या दिवशी, कपात उत्तर सापडेना तेव्हा, मुलगी म्हणाली, "बाबा, लग्नाच्या दिवशी तुम्ही काय घालणार आहात?"

"माझा तो कोट आहे की. बरा आहे अजून."

"तो कोट नको. मला तुमचा हात धरून हॉलमध्ये यायचंय. आणि तो हात सुटाच्या बाहीत असायला हवा."

"अगं, चार लोक येणार, सह्या होणार, चहा पिऊन जाणार. त्यात बापाच्या बाहीकडे कोण बघतंय?"

"मी बघतेय." मुलगी उठून त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, मी लहान असताना तुमचा डबा द्यायला आईबरोबर कारखान्यात आले होते, आठवतं? तुम्ही चौथऱ्यावर उभे होता. निळ्या सुटात. मला वाटलं, माझे बाबा राजा आहेत आणि आईने हे मला सांगितलंच नाही. मी धावत मिठी मारायला आले—"

"आणि मास्तर ओरडले," आतून बायको म्हणाली.

"'ए पोरी, थांब! टाचण्या!'" मुलीने मास्तरांचा तोंडाच्या कोपऱ्यातला आवाज हुबेहूब काढला. होणारा जावई दचकला. "मी तिथेच थांबले. तुम्ही नुसते वरून हसलात. हातसुद्धा खाली केला नाहीत. आयुष्यभर लोकांच्या बापांचे सूट तुमच्या अंगावर पाहिले. एकदा तुमचा बघायचाय. एवढंच मागतेय."

"मागतेय खरी," मध्यमराव जावयाकडे बघत म्हणाले, "पण निळा सूट घातलेला नाही तिने." कुणी हसलं नाही. विनोद पडला की मध्यमराव त्याला हळूच उचलून खिशात ठेवत. पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून. "बरं," ते म्हणाले. "घेऊ."

बोलायला बोलून गेले, पण त्यात एक अडचण होती आणि ती त्यांनी घरात सांगितलेली नव्हती. चौथऱ्यावरून त्यांना केव्हाच खाली उतरवलं होतं.

माणूस जन्मभर सरासरी राहू शकत नाही. मास्तरांची नजर गेली आणि ते घरी बसले. पाठोपाठ मध्यमरावांचं शरीरही हळूहळू आटत गेलं. पँट कमरेवर थांबेना. नव्या साहेबांनी फायबरचा एक पुतळा आणला. त्याला डोकं नव्हतं, त्यामुळे त्याचं कुणाशी पटण्या-न पटण्याचा प्रश्न नव्हता. खांदे त्याचे अगदी सरळ रेषेत. पुतळ्यावर बेतलेले सूट बाजारात गेले तेव्हा मध्यमराव मनातल्या मनात तक्रारींची वाट बघत होते. कुणीतरी म्हणेल, की डाव्या खांद्यावर हल्ली ओढल्यासारखं होतं. एकही तक्रार आली नाही. गावाने आपला खांदा मुकाट्याने वर घेतला. मध्यमराव पूर्ण वेळ गठ्ठे बांधू लागले आणि घरी काही बोलले नाहीत. विशेष घडलं नव्हतंच. उभं राहणारा माणूस बसला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते कारखान्याच्याच दुकानात गेले. दुकान नवं होतं, विक्रेताही नवाच. त्याने मध्यमरावांना ओळखण्याचं काही कारण नव्हतं. काचेत पाटी लावली होती, 'प्रत्येक पुरुषाला आवश्यक तीन सूट', आणि खाली ओळीने निळा, करडा, काळा. मास्तरांचं तत्त्वज्ञान काचेत उभं असलेलं बघून मध्यमरावांना बरं वाटलं.

"निळा दाखवा. मीडियम."

विक्रेत्याने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काका, मीडियम तुम्हाला नाही बसायचा."

"बसेल हो. माझा अंदाज आहे."

"माझा तर रोजचा धंदा आहे," विक्रेता हसून म्हणाला. पोरगा स्वभावाने चांगला होता. त्याने मीडियम अंगावर चढवू दिला. मध्यमराव आरशासमोर गेले. जुन्या सवयीने हात बाजूला गेले, हनुवटी वर झाली, श्वास भरला. आरशातल्या कोटाने काही दाद दिली नाही. तो खांद्यांवरून पुढे लोंबत राहिला. आत कुणी आहे का, हे बघायला वाकल्यासारखा. डाव्या खांद्यापाशी तर कोटाच्या आणि त्यांच्या मध्ये एक रिकामी जागाच होती.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" विक्रेता म्हणाला. "स्मॉल काढतो. लाजू नका, खूप लोक घालतात."

"नको," मध्यमराव म्हणाले आणि कोट जपून उतरवला, टाचण्या असल्यासारखा.

त्यांनी बस घेतली आणि थेट मास्तरांकडे गेले.

मास्तर खिडकीत बसले होते. डोळ्यांना आता माणूस सावलीसारखा दिसे, पण पाऊल वाजलं की ओळखत. "ये मध्यमराव," ते म्हणाले. "डावा पाय अजून जोरात टाकतोस. बूट झिजला असेल."

मध्यमरावांनी मुलीच्या लग्नाचं सांगितलं. सूट हवा आहे, तेही सांगितलं. दुकानातलं सांगितलं नाही. मास्तरांची सून दारात उभी राहून ऐकत होती. मास्तर एकदम ताठ बसले.

"तयार घेऊ नको. मी बेततो. शिलाई हिच्याकडून करून घेतो, हिचा हात सरळ आहे. माझ्या कपाटात तीन ताग्यांचे तुकडे पडलेत, माझ्यासाठी ठेवले होते. मला आता कुठे जायचंय? काढ गं ते."

तीन कापडं पलंगावर आली. निळं, करडं, काळं. मास्तरांनी एकेकावर तळवा ठेवला आणि रंग न बघता नाव सांगितलं. "कुठलं?"

मध्यमराव अडले. आजवर त्यांनी हजारो सूट घातले होते, पण निवडला एकही नव्हता. "करडं घेऊ का? पुन्हा कुठेही चालेल."

"तू कुणाला नाही म्हटलंयस कधी?"

"नाही."

"बघ, तेवढ्यापुरतंच म्हणतोस. मग करडं कशाला? काळं?"

"लग्नात काळं कसं दिसेल? आणि तुम्हीच म्हणता, त्याची घाई करू नये."

"मग राहिलं काय?"

"पण मास्तर, निळा मागायचा. मला आता मागायला काय उरलंय?"

"आजवर काय मागितलंयस?" मास्तर म्हणाले. मध्यमराव आठवू लागले. मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि निळं कापड आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "एकदा तरी माग की लेका. झालं, ठरलं. जा आता."

"जा? माप नाही घ्यायचं?"

दारातल्या सुनेने मध्यमरावांकडे बघून हळूच मान हलवली. नका बोलू, अशी.

"माप?" मास्तरांचा आवाज चढला. "तुझं माप घेऊ मी? अरे, माझ्या हाताला बाकी जगाचा विसर पडेल, तुझी पाठ विसरायची नाही. या घरातल्या भिंती मला चाचपाव्या लागतात, तुझं माप नाही लागत. गावाला तुझ्या अंगावरून कपडे घातले मी!"

"नाही, म्हटलं वय होतं माणसाचं. एकदा टेप लावून बघितली असती. एखादी ट्रायल तरी—"

"ट्रायल तर तुझ्यावर जन्मभर घेतली. आता कसली?"

दुकानातला पोरगा काय म्हणाला, हे सांगायची हीच वेळ होती. शब्द मध्यमरावांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच, टाचण्यांसारखे, अडकून राहिले. ते समोर बघत होते. मास्तरांची बोटं कापडावर फिरत होती; इथे छाती, इथे पाठ, इथे तो सांडलेला खांदा. त्या बोटांखाली एक तरुण कारकून उभा होता, पुस्तकातला, बिनचूक. साऱ्या गावात आता एवढीच एक जागा उरली होती जिथे मध्यमराव अजून मीडियम होते. तिथून स्वतःच उठून जाणं त्यांच्या जिवावर आलं.

"बरं मास्तर," ते म्हणाले.

सून जिन्यापर्यंत पोचवायला आली. "काका, ते किती दिवसांनी एवढं बोलले," ती म्हणाली. "मी आत घेईन थोडा, त्यांना न सांगता."

"नको," मध्यमराव म्हणाले. "ते शिलाईवरून हात फिरवतील. कळेल त्यांना."

सूट यायला उशीर झाला. मास्तर रोज शिवण चाचपत आणि मनासारखी नसली की उसवायला लावत. घरी बायको विचारी, "कुठवर आलाय हो?" आणि मध्यमराव म्हणत, "काजांपर्यंत." काजं झाल्यावर म्हणत, "अस्तरापर्यंत." शिवणाच्या क्रमाने हे उलटं चाललं होतं, पण बायकोने ते सोडून दिलं. संसारात तिने याहून उलट्या गोष्टी सोडून दिल्या होत्या.

लग्नाच्या सकाळी मास्तरांच्या सुनेने सूट आणून दिला आणि ती मास्तरांना आणायला परत गेली. मध्यमरावांनी दार लावून तो घातला. शिवण अशी की आरशातून टाका दिसू नये. कॉलर मानेला हात लावल्यासारखी. डावा खांदा तर त्यांच्या खांद्यावर येऊन असा टेकला, जसा जुना मित्र बाकावर येऊन टेकतो. पण खांद्याखाली सगळा सूट मागे मोकळा सुटला होता. आत आणखी अर्धा माणूस सहज राहिला असता, भाडंही न देता.

बायको आत आली आणि दारातच थांबली.

"अहो, हे काय?"

"मी आहे," मध्यमराव म्हणाले. "पूर्वीचा."

तिने एक चक्कर मारली. पाठीमागचं कापड मुठीत धरून बघितलं. "त्यांनी माप घेतलं नाही?"

"पाठ आहे म्हणाले."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"हो."

ती काहीतरी मोठं बोलणार होती. त्यासाठी तिने श्वासही घेतला होता. पण मध्यमरावांचा चेहरा आरशात दिसला आणि तिने तो श्वास दुसऱ्या कामाला लावला. "मास्तर हॉलवर येणार आहेत?"

"पहिल्या रांगेत बसणार आहेत."

"मग उसवायचं नाही, कापायचं नाही. वळा तिकडे." तिने शिवणाचा डबा काढला. सेफ्टी पिना शोधल्या, तर त्या मुलीच्या पोशाखात आणि फुलांच्या गुच्छांत कधीच खपल्या होत्या. डब्याच्या तळाशी टाचण्या होत्या, लांब, बारीक, मध्यमरावांच्या खिशातून कधीकाळी चुकून घरी आलेल्या. तिने त्या ओठांत धरल्या आणि पाठीवरच्या कापडाच्या चुण्या घालून एकेक टाचणी लावत गेली. समोरून सूट हळूहळू मध्यमरावांच्या अंगावर आला.

"फार हलू नका," ती तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाली. "वाकू नका. खुर्चीला टेकू तर मुळीच नका."

"मला शिकवू नको," मध्यमराव म्हणाले. "जन्म गेला."

बायको हसली आणि तिच्या ओठांतली एक टाचणी खाली पडली.

हॉलमध्ये ते मुलीचा हात धरून शिरले. बाही निळी होती आणि हात बाहीत होता. मुलगी अर्ध्या वाटेपर्यंत लोकांकडे बघत होती; मग बापाकडे बघू लागली आणि पुढे तिने कुणाकडे बघितलं नाही. मध्यमराव हनुवटी वर करून, श्वास धरून चालत होते. लोक म्हणाले, बघा, बापाला किती अभिमान आहे. होताच, पण थोडा भाग टाचण्यांचाही होता.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "कुठाय माझा सूट?"

मध्यमराव मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. मास्तर सुनेचा हात धरून उठले. बोटं कॉलरवर आली, छातीवरून उतरली, बाही मनगटापाशी मोजून घेतली, मग खांद्यावर गेली. डाव्या खांद्यावर थांबली. "आहे तिथेच आहे," मास्तर समाधानाने म्हणाले. मग हात पाठीकडे निघाले.

"मास्तर, बसा ना. सह्या सुरू होतील."

"थांब रे." हात पाठीवरून खाली सरकला. मध्यमरावांनी होता नव्हता तेवढा श्वास धरला. मास्तरांच्या सुनेने नजर खाली केली. दोन बोटं एका चुणीपाशी आली, पुढे झाली, परत आली. एका टाचणीच्या डोक्यावर क्षणभर टेकली. हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची ओढली.

"बसलाय," मास्तर म्हणाले. "छान बसलाय." आणि स्वतः खाली बसले.

मध्यमरावांचा जीव भांड्यात पडला. हात चुकला म्हातारबाबांचा, त्यांना वाटलं. बोटांनाही वय असतंच. ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले. टेबलाशी सह्या झाल्या. जावयाने निळा सूट घातला होता. तयार घेतलेला, दोन्ही खांदे सरळ असलेला. टाळ्या वाजल्या. मुलीने लेखणी खाली ठेवली, वळली आणि बापाला बघून, लहानपणी निघाली होती तशीच, दोन्ही हात पसरून निघाली.

"ए पोरी, थांब!" पहिल्या रांगेतून मास्तर ओरडले. "टाचण्या!"

मुलगी जिथल्या तिथे थांबली. मध्यमरावांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उघड्या डोळ्यांनी भलतीकडेच बघत होते. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला होता.

"किती आहेत?" मुलीने बापाला हळूच विचारलं.

"पाठभर."

"टोचतात?"

"सवय आहे."

मुलगी पुढे आली आणि तिने मिठी मारली. जपून वगैरे नाही. टाचण्यांची काहीही भीडभाड न ठेवता. मध्यमराव चौथऱ्यावर उभं राहावं तसे उभे होते, हात अंगापासून दूर, हनुवटी वर, श्वास छातीत. असे ते जरा वेळ राहिले. मग त्यांनी श्वास सोडला. सूट खांद्यांवरून थोडा खाली आला, पाठीत दोन-तीन ठिकाणी चुणचुणलं, आणि बाजूला धरलेले हात, कुणाच्या सांगण्याची वाट न बघता, हळूहळू खाली येऊन मुलीच्या पाठीवर टेकले.

पहिल्या रांगेत मास्तर ओठ घट्ट मिटून बसले होते, टाचण्या धरल्यासारखे. 'झालं, काढ' असं ते काही म्हणाले नाहीत.